गिरगावच्या रस्त्यावरचा एक जुना प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक वर्धापनदिनाच्या आखणीसाठी भरली होती. पाहुण्यांचे स्वागत, अहवालवाचन, मुलींच्या टिपऱ्या, फराळ, सारे बिनबोभाट ठरले. अडले ते पहिल्याच कलमावर. चिटणीसबाईंनी दरवर्षीप्रमाणे 'ईशस्तवन' असे लिहिले, तेव्हा आपल्यातील एक भगिनी शांतपणे म्हणाल्या, "मी उभी राहीन, पण म्हणणार नाही. आमच्यात ईश मानीत नाहीत." त्या बौद्ध. शेजारच्या एकीने लगेच विचारले, "देव मानीत नाही म्हणजे काय हो? काहीतरी मानीतच असाल की!" तेवढ्यात वाडीतल्या एक ख्रिस्ती भगिनी म्हणाल्या, देवाची प्रार्थना आम्हांला चालेल, पण त्यात गणपतीचे नाव येणार असेल तर आम्हीही नुसत्याच उभ्या राहू. मग चहा गार झाला आणि बैठक तासभर लांबली. शब्दाला शब्द लागला नाही, हे खरे. पण दोघी-तिघी घरी जाताना एकमेकींशी बोलल्या नाहीत, हेही खरे.

अध्यक्षबाईंनी तोडगा म्हणून काढले काय, तर हे काम माझ्या गळ्यात घातले. "तुम्ही जुनी पुस्तके चाळता, तर देव म्हणजे काय याविषयी आपल्या भागात कोण काय म्हणत आले ते स्मरणिकेत लिहा." विषय केवढा आणि माझी ओंजळ केवढी! तरी लिहायला बसले, आणि बसल्यावर ध्यानात आले की हा प्रश्न आपल्या बैठकीत नवा निघाला नव्हता. आपण रोज ज्या रस्त्याने भाजी आणायला जातो त्या रस्त्यावर तो दोनशे वर्षे चालला आहे. बसचा कंडक्टर "प्रार्थना समाज!" म्हणून ओरडतो आणि आपण पिशव्या सावरीत उतरतो. तो थांबा म्हणजे कशाचे नाव आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

पण प्रार्थना समाजाच्या आधी चौपाटीवर जायला हवे.

स्कॉटलंडचे पाद्री जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. चौपाटीसमोरच्या कॉलेजाला ज्यांचे नाव आहे तेच हे. गृहस्थ विद्वान, मराठी, गुजराती, संस्कृत शिकलेले. त्यांच्या पत्नी मार्गारेटबाई यांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्याबद्दल आपण बायकांनी तरी त्यांचे नाव विसरू नये. विल्सनसाहेबांना वादाची हौस दांडगी होती. १८३१ साली मोरभट दांडेकर नावाच्या शास्त्र्यांशी त्यांचा जाहीर वाद झाला आणि पुढे दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली. त्यात एकमेकांच्या देवांची उणीदुणीच अधिक काढली गेली. कृष्णाने लोणी का चोरले, असे इकडून विचारायचे; येशूला सुळावर का जावे लागले, असे तिकडून. देव म्हणजे काय हे अशा भांडणातून कोणाला कळणार?

त्याहून पुष्कळ वरच्या पायरीचा वाद १८५७ साली झाला. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील शिरवली गावचे विष्णु भिकाजी गोखले, म्हणजे विष्णुबुवा ब्रह्मचारी, हे त्या वेळी जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. लहानपणी वडील गेलेले. दुकानात नोकरी केलेली, मग जकात खात्यात चाकरी. ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तप केलेले. संस्कृत पाठशाळेत घोकंपट्टी केलेला हा शास्त्री नव्हता. १८५६ साली ते मुंबईत आले आणि व्याख्याने देऊ लागले. पुढच्या वर्षी १५ जानेवारीपासून २८ मेपर्यंत, दर गुरुवारी संध्याकाळी, समुद्रकाठच्या वाळूवर त्यांचा आणि मिशनऱ्यांचा वाद चाले आणि ऐकायला मोठा जमाव जमे. बोलणे मराठीतून होई, त्यामुळे कष्टकरी गडी आणि पेढीवरचा कारकून दोघेही ते समजू शकत होते. मेच्या महिन्यात उत्तरेत बंडाचा वणवा पेटला होता, आणि इकडे मुंबईच्या वाळूवर ब्रह्म आणि जगत यांचा खल चालला होता, हे वाचून मला मोठे नवल वाटले.

समोरच्या बाजूला जॉर्ज बोवेन हे अमेरिकन पाद्री होते. या माणसाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. तरुणपणी बोवेन देव मानीत नसत. ज्या मुलीशी त्यांचे लग्न ठरले होते ती आजारी पडून वारली आणि जाताना आपले बायबल त्यांना देऊन गेली. ते वाचता वाचता माणूस पालटला. १८४८ साली मुंबईत आल्यावर मिशनचा पगार नाकारून ते बाजारातल्या गरीब वस्तीत एका साध्या खोलीत राहिले, आणि १८८८ साली इथेच वारले; मध्यंतरी एकदाही मायदेशी गेले नाहीत. वादाची हकीकत त्यांनीच इंग्रजीत छापली. पुढे तिचे मराठी पुस्तकही निघाले. देवाला एकदा गमावून मग मिळवलेला हा माणूस, आणि समोर डोंगरावर एकट्याने देव शोधून आलेला ब्रह्मचारी. दोघेही पोटासाठी बोलत नव्हते, म्हणूनच त्या वादाला वजन आहे.

वादाचा गाभा आपल्या भाषेत सांगायचा तर असा. विष्णुबुवांचा देव म्हणजे सगळीकडे भरून राहिलेले चैतन्य. घागर निराळी, रांजण निराळा, पण आतली पोकळी एकच, तसे जीव निराळे दिसले तरी आत्मा एक. मिशनऱ्यांचा देव म्हणजे कर्ता. कुंभार आणि मडके जसे वेगळे, तसा तो आपल्या सृष्टीहून वेगळा, पवित्र, न्यायी आणि बापासारखा. आता यातून दोन्हीकडे अडचणी उभ्या राहतात. सर्वच देव असेल तर चोरी करणारा कोण आणि शिक्षा भोगणारा कोण? मग पाप या शब्दालाच अर्थ काय उरला? हा पाद्र्यांचा प्रश्न. उलट, देव दयाळू कर्ता असेल आणि जन्म एकच असेल, तर एक मूल आंधळे आणि एक राजाच्या पोटी का जन्मते? हा वेदान्त्याचा प्रश्न. ज्या प्रश्नाने विष्णुबुवा अडले असतील त्याच प्रश्नाने आपण आजही अडतो, आणि जिच्या घरात असे मूल जन्मले आहे तिला दुसरा प्रश्न पुस्तकात वाचावा लागत नाही.

कोण जिंकले? दोन्ही बाजू आपणच जिंकलो असे समजून घरी गेल्या. पण विष्णुबुवांनी सर्वत्र एकच आत्मा आहे हे तिथेच सोडले नाही, हे मला विशेष वाटते. १८६७ साली त्यांनी सुखदायक राज्यावर एक निबंध लिहिला. त्यात सगळ्या प्रजेने एक कुटुंब म्हणून राहावे, शेती आणि अन्न सर्वांचे सामाईक असावे, अशी योजना आहे. त्यातील कित्येक गोष्टी आपल्याला पटणार नाहीत; लग्ने कोणाची कोणाशी हेसुद्धा सरकारने ठरवावे म्हणणाऱ्याला आपले मंडळ काय उत्तर देईल ते सांगायला नको! पण देवाच्या व्याख्येतून स्वयंपाकघराची व्यवस्था काढणारा हा माणूस १८७१ साली वारला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याच काळात आपल्या पारशी शेजाऱ्यांवरही हा प्रश्न येऊन आदळला होता. १८३९ साली विल्सनसाहेबांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि प्रकरण कोर्टात गेले. पारशी समाज हादरला. पुष्कळ मुले शाळेतून निघाली. १८४३ साली विल्सन यांनी पारशी धर्मावर मोठा ग्रंथ लिहून विचारले की तुमचा अहुर मज्द चांगले करतो आणि अहरिमन वाईट करतो, तर तुमचे देव दोन झाले की नाहीत? दस्तुरांनी परोपरीने उत्तरे दिली. मग मार्टिन हौग हे जर्मन पंडित पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि १८६२ साली त्यांनी मुंबईत आपले निबंध छापले. खुद्द जरथुष्ट्राच्या म्हणून मानलेल्या गाथांचा अर्थ लावून ते म्हणाले की मुळात देव एकच, अहुर मज्द. चांगली आणि वाईट वृत्ती ही जोडी त्याच्या खालची. हे पारशांनी आनंदाने उचलले. म्हणजे बघा, एका परक्याने विचारले तेव्हा आपला देव किती हे त्यांना नव्याने मोजावे लागले, आणि उत्तर सापडले तेही दुसऱ्या परक्याच्या हातून. दारातल्या रांगोळीत आणि चांदीच्या दिव्यात मात्र या सगळ्याने काही फरक पडला नाही.

बेने इस्राएल मंडळींना असा प्रश्न कोणी विचारण्याचे कारणच नव्हते. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले हे आपले मराठी बोलणारे लोक. देव एक आहे हे सांगणारी हिब्रू वाक्ये त्यांनी शतकानुशतके तोंडपाठ ठेवली होती. बाकी हिब्रू पुष्कळशी विसरली तरी ती विसरली नाहीत. मांडवीत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ सालचे. तिथे मूर्ती नाही, चित्र नाही. पण कीर्तनाची आवड सुटते थोडीच? १८८० च्या सुमारास त्यांनीही मराठीत कीर्तने रचली. नायक अब्राहाम आणि मोशे, ढंग आपला.

आता प्रार्थना समाज. त्याची मुळे १८४९ सालच्या परमहंस सभेत आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे व्याकरण आपल्या आजे-पणजोबांनी घोकले, ते तिचे एक प्रमुख. देव एक, माणसाची जात एक, हे त्यांचे म्हणणे. सभेत येणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि खालच्या समजलेल्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी प्यायचे. पण हे सारे बंद दाराआड! १८६० साली सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे बाहेर पडतील या भीतीनेच सभा मोडली. मला या प्रसंगाचे हसू येते आणि वाईटही वाटते. दाराआड पाव खाऊन घरी आलेल्या त्या गृहस्थांना वाढणाऱ्या बायका सोवळ्यात होत्या, त्यांना यातले काही कळू दिले नव्हते. देवाची नवी व्याख्या झाली ती पुरुषांपुरती, आणि तीही गुपचूप.

दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज स्थापन केला. हे नव्या पद्धतीच्या वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, पुढे मुंबईचे शेरीफ. या वेळी मात्र दार उघडे होते. समाजाचे म्हणणे थोडक्यात असे: ईश्वर एक आहे, तो निराकार आहे, तो अवतार घेत नाही, कोणतेही एक पुस्तक त्याने स्वतः धाडलेले नाही, आणि त्याची खरी पूजा म्हणजे प्रेमाने केलेली प्रार्थना. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्णपंत भांडारकर हे लवकरच येऊन मिळाले. गिरगावातले मंदिर १८७४ सालचे. आत गेल्यास दिसते ती साधी सभागृहासारखी जागा, मूर्ती नाही, गाभारा नाही. आणि तिथे गातात कोणाचे अभंग? तुकोबांचे! ज्या तुकोबांचा देव कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे, त्यांचे अभंग निराकाराच्या सभेत. टीकाकारांनी यावर तोंडसुख घेतले. पण समाजाच्या मंडळींना वाटे की तुकोबांनी जिच्याशी बोलणे केले ती विटेवरची आकृती नव्हे, तिच्या पलीकडचे कोणी. तुकोबांना विचारायची सोय नाही. त्यांच्या गाथेची सरकारी आवृत्ती १८६९ ते १८७३ या काळात मुंबईत छापली गेली, ती सिद्ध करणारे दोघे पंडितही सुधारक वर्तुळातलेच, एवढे मात्र सांगता येते.

समाजाने एक सवलत ठेवली होती. घरी मूर्तिपूजा चालत असेल, जातीचे नियम पाळले जात असतील, तरी सभासदाला बाहेर काढायचे नाही. बंगालच्या ब्राह्मोंना हे भित्रेपण वाटे. मीही आधी तसेच म्हणत होते. रानड्यांनी १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर विधवेशी विवाह न करता वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, ते या ढिलेपणाचेच उदाहरण म्हणून दाखवतात, आणि ते दाखवणे योग्यच आहे. पण हीच मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली आणि सेवासदनाची अध्यक्षा म्हणून शेकडो बायकांच्या हाती शिक्षण देऊन गेली. शिवाय घरातल्या बाईला देव्हारा उचलून फेकून दे असे फर्मावणारा नवरा मला धीट वाटत नाही. तो दुसऱ्याच्या जिवावर धीट असतो.

प्रार्थना समाजापासून चार पावलांवर, जुन्या गिरगाव बॅक रोडवर (आता विठ्ठलभाई पटेल रस्ता), काकडवाडीत आर्य समाज आहे. स्वामी दयानंदांनी १० एप्रिल १८७५ रोजी गिरगावात त्याची स्थापना केली. पुढे पंजाबात तो फोफावला, पण जन्म आपल्याकडचा. त्यांचाही ईश्वर एक आणि निराकार, मूर्तीला विरोध दोघांचाही. मग दोन समाज कशाला? कारण दयानंदांना वेद हे ईश्वरी ज्ञान म्हणून मान्य, आणि समोरच्यांना कोणताच ग्रंथ तसा मान्य नाही. देव एकच निघाला, पण तो बोलला की नाही यावर दोन इमारती उभ्या राहिल्या.

त्याच रस्त्यावर १८७९ साली तिसरे बिऱ्हाड आले. मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे थिऑसॉफिस्ट अमेरिकेहून फेब्रुवारीत उतरले आणि गिरगाव बॅक रोडला राहिले. आल्या आल्या नोकरचाकर, पाहुणे, वर्तमानपत्रवाले यांची ही गर्दी. आदल्या वर्षीच त्यांनी दयानंदांशी पत्रांतून युती केली होती. पण पत्रात जे जुळते ते एका गल्लीत राहिल्यावर जुळतेच असे नाही. १८८० साली या दोघांनी सिलोनात जाऊन बौद्धांचे पंचशील घेतले. हळूहळू दयानंदांच्या ध्यानात आले की जगाला कर्ता असा कोणी ईश्वर आहे हेच या मंडळींना कबूल नाही. १८८२ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत जाहीर व्याख्यान देऊन संबंध तोडले आणि त्यांना नास्तिक ठरवले. वर्ष सरता सरता थिऑसॉफिस्टांनी आपले बिऱ्हाड मद्रासेस अड्यारला हलवले.

म्हणजे आपल्या बैठकीत जे झाले तेच त्यांच्यात झाले होते. फरक एवढाच की ते फार मोठे लोक होते, म्हणून भांडण छापून आले.

पुण्यात जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. त्यांनी देवासाठी नवाच शब्द घडवला, 'निर्मिक', म्हणजे निर्माण करणारा. जुन्या शब्दांना भटजीचा हात लागलेला होता, तो त्यांना नको होता. त्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. रविवार कशासाठी मागितला, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंड्यांनी मांडले म्हणतात. साहेबाच्या प्रार्थनेचा वार आणि जेजुरीच्या खंडोबाचा वार एकच निघाला आणि परळ-लालबागच्या बायकांना आठवड्यातून एक दिवस नवरा घरी दिसू लागला. निर्मिक मानणाऱ्या माणसाने खंडोबाची साक्ष काढावी, यात मला लबाडी दिसत नाही. ज्यांच्यासाठी मागायचे त्यांच्या देवाच्या नावाने मागितले.

शब्दावरून आठवले. मराठी बायबलात 'देव' असाही शब्द येतो आणि 'परमेश्वर' असाही, आणि दोन्ही वेगवेगळ्या हिब्रू शब्दांसाठी योजलेले आहेत. त्याआधी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे! दादरच्या पोर्तुगीज चर्चची स्थापना १५९६ ची, म्हणजे त्याहून वीस वर्षे जुनी. आपल्या ख्रिस्ती भगिनी देवाला हाक मारतात ती आपल्याच शब्दांनी. पण त्या हाकेचा पत्ता वेगळा असतो, आणि त्यांना तो वेगळाच हवा असतो.

इथे दोन बायकांची गोष्ट सांगते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन काढले. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. पण तिथल्या ज्या सिस्टरने त्यांना मुलीसारखे वागवले, तिच्याशीच त्रैक्यावरून, म्हणजे देव एक की तीनांत एक यावरून, पत्रांमागून पत्रे लिहून वाद घातला. मला पटेल तेवढेच मी मानीन, हा त्यांचा हेका. शास्त्र्यांपुढे न नमलेली ही बाई बिशपांपुढेही नमली नाही. दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना ते कळवलेही नव्हते. त्या कित्येक वर्षे सोवळ्यात राहिल्या. नवऱ्याने सांगून किंवा पाद्र्याने पढवून त्यांचे मन पालटले नाही. 'स्मृतिचित्रां'त त्या सांगतात की एकदा विचार करता करता त्यांनाच वाटले, या जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनीच, असे उत्तर आले, आणि त्याच दिवसापासून कोणाच्याही हातचे खायला हरकत नाही असे त्यांनी ठरवले. परमहंस सभेने यादी लपवून केले ते या बाईने उघड्या अंगणात केले.

प्रार्थना समाजाची गोष्ट परळला जाते ती विठ्ठल रामजी शिंदे यांच्यामुळे. १९०१ ते १९०३ ही दोन वर्षे त्यांनी ऑक्सफर्डला जगातल्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि परत येऊन गिरगावात समाजाचे प्रचारक झाले. इतके धर्म शिकून आलेला माणूस ग्रंथ लिहीत बसेल असे वाटावे. त्यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला ग्लोब मिलजवळ अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडली, आणि त्यांची बहीण जनाक्काही त्या कामाला लागली. गिरगावच्या मंदिरात ज्या देवाची सर्व माणसे लेकरे म्हणून गायली जात होती, ती लेकरे गिरणीच्या भोंग्याखाली राहत होती.

याच परळात पोयबावडीच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पुष्कळ वर्षे गेली. घर कबीरपंथी, वडील रामजीबुवा भजनी. शाळेत असता भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्यांच्यावर गेली, आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकापासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंत जवळपास पन्नास वर्षे लोटली. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पहिल्या काहींत ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असे आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली निघालेल्या बुद्धावरील ग्रंथात त्यांनी सांगितले की धम्माचा मध्यबिंदू देव नाही. माणसाने माणसाशी कसे वागावे हा आहे. ६ डिसेंबरला दादरला जी रांग लागते तिच्यातल्या म्हाताऱ्या बाया नवस फेडायला येत नाहीत. "काहीतरी मानीतच असाल" असे ज्या म्हणाल्या, त्यांनी एकदा त्या रांगेत उभे राहून पाहावे. आणि आपल्या भगिनी "मी म्हणणार नाही" असे म्हणाल्या तो हट्ट नव्हता. ती त्यांनी किंवा त्यांच्या आईवडिलांनी उघडपणे घेतलेली प्रतिज्ञा होती, हे मला लिहायला बसेपर्यंत नीट माहीत नव्हते. माझीच चूक.

माहीमच्या मखदूम फकीह अली यांचे नाव घेतल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ते तर सगळ्यांत जुने, १३७२ ते १४३१. कुराणावर भाष्य लिहिणारे, स्पेनच्या इब्न अरबींच्या मार्गाने जाणारे मोठे विद्वान. खरे अस्तित्व एकच, ते ईश्वराचे, बाकी सारी त्याची प्रकटने, हे त्या मार्गाचे सांगणे. विष्णुबुवा ते ऐकून चौपाटीवरून माहीमपर्यंत चालत गेले असते! अर्थात मखदूमबाबांना ते ईश्वराच्या एकत्वाचे रक्षण वाटत होते, सर्व देवांची बेरीज नव्हे. आख्यायिका अशी सांगतात की आईने पाणी मागितले, ते घेऊन येईतो तिला झोप लागली, म्हणून हा मुलगा पेला हातात धरून रात्रभर उशाशी उभा राहिला. माहीमच्या मेळ्यात नारळ-चादर घेऊन जाणाऱ्या आपल्या कोळणींना भाष्य ठाऊक नसते, पेल्याची गोष्ट ठाऊक असते.

राहिलो आपण, मूर्ती पुजणारे. आपली बाजू मांडायला शास्त्री नको. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली बसलेला गणपती असो की १९३४ साली लालबागच्या बाजारातल्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी हक्काची जागा मिळावी म्हणून केलेल्या नवसातून बसलेला, दोघांचीही आपण प्राणप्रतिष्ठा करतो आणि ठरल्या दिवशी चौपाटीवर नेऊन पाण्यात सोडतो. विल्सनसाहेबांना वाटे, हे लोक मातीलाच देव समजतात. ज्या हातांनी नैवेद्य दाखवला त्याच हातांनी मूर्ती समुद्रात सोडणारी बाई तसे समजत असेल का? पण मूर्ती जाताना तिच्या डोळ्यांत पाणी येते, तेही मातीसाठी येत नाही. याहून नेमके मला सांगता येत नाही. आणि तेवढ्यावरून प्रार्थना समाजाला किंवा शेजारच्या मशिदीला हे पटावे असा माझा आग्रहही नाही. गाडगेबाबा मात्र याच परळ-दादरच्या श्रमकऱ्यांपुढे कीर्तनाला उभे राहून लोकांनाच उलट प्रश्न विचारीत सुटत, आणि देव कुठे आहे याचे उत्तर भुकेल्याच्या पंगतीकडे हात करून देत. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात आलेल्या परगावच्या रोग्यांना आसरा देते.

हा लेख छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी चिटणीसबाईंनी कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा खर्डा दाखवला. पहिल्या कलमापुढची जागा अजून कोरी आहे. बौद्ध भगिनी म्हणाल्या, "तुमचे स्तवन तुम्ही म्हणा, त्यानंतर मी वंदना म्हणेन, तेव्हा तुम्ही उभ्या राहाल का?" ख्रिस्ती भगिनींनी त्यांच्या भाषेतले, म्हणजे मराठीतलेच, एक गीत सुचवले आहे. ज्या दोघी-तिघी बोलत नव्हत्या त्यांतल्या एकीने दुसरीला विचारले आहे की वंदना किती मिनिटांची असते. पुढची बैठक येत्या शनिवारी दुपारी चार वाजता आहे. भगिनींनी वेळेवर यावे.